सेडान की एसयूव्ही? फक्त आतली जागा आणि सीट यांचा विचार केला तर

वेलांटी (धागालेखिका)

घरात दोन महिने एकच वाद चालू आहे. आता तो दिवा मालवल्यावरही चालू राहतो, म्हणून इथे आणून टाकते.

जुनी हॅचबॅक विकून मोठी गाडी घ्यायची, एवढ्यावर एकमत आहे. मला सेडान हवी, नवऱ्याला एसयूव्ही. मायलेज, इंजिन, ग्राउंड क्लिअरन्स आणि रुबाब यांवर इथे शंभर धागे आहेत, ते विषय इथे नकोत. मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. आत जागा खरोखर कशात जास्त असते? आणि चार-पाच तासांच्या प्रवासात अंग कशात कमी आंबतं?

बसणारी मंडळी अशी. नवरा सहा फूट एक इंच, गाडी बहुतेक वेळा तोच चालवतो. मी पाच फूट तीन. मुलगा तेरा वर्षांचा, सध्या दर महिन्याला पँट आखूड होतेय. मुलगी दोन वर्षांची, चाइल्ड सीटमध्ये, तोंड मागे करून. आणि सासूबाई, चार फूट दहा इंच, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं.

गोंधळ असा की माहितीपत्रकात सेडानचा मागचा लेगरूम जास्त लिहिलाय, एसयूव्हीचा कमी. पण प्रत्यक्ष बसल्यावर मला एसयूव्हीच मोकळी वाटली (हे नवऱ्याला सांगितलेलं नाही). आकडा खोटा की माझं वाटणं खोटं?

गचके

दोन्ही खरं. आकडा गाडीचा, वाटणं सेल्समनचं. ;)

मधली सीट

पाच जण आहात. मध्ये कोण बसणार?

सांधेवाली

मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून सासूबाईंपासून सुरुवात करते.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बसणं फारसं त्रासाचं नसतं, त्रास असतो बसायला जाण्याचा आणि उठण्याचा. सेडानमध्ये बूड जमिनीपासून साधारण ५० सेंटिमीटरवर टेकतं, काही गाड्यांत त्याहून खाली. म्हणजे उठताना सगळं वजन वाकलेल्या गुडघ्यांवर येतं, शिवाय उतरत्या छतामुळे मान वाकवायची आणि त्याच वेळी एक पाय उचलून बाहेर काढायचा. मोनोकॉक (सांगाडा आणि बॉडी एकसंध असलेल्या) बांध्याच्या मध्यम एसयूव्हीत हीच उंची ६० ते ७० सेंटिमीटर असते. माणूस खाली बसत नाही की वर चढत नाही, नुसता आडवा सरकतो. गुडघेवाल्यांसाठी याहून चांगलं काही नाही.

पण ट्रकसारख्या लॅडर फ्रेमवरच्या, म्हणजे शिडीसारख्या वेगळ्या सांगाड्यावर बॉडी ठेवलेल्या उंच एसयूव्ही निराळ्या. तिथे आधी पायरी चढायची, हँडल धरून अंग वर ओढायचं, मग वळून बसायचं. चार फूट दहा इंचांच्या बाईला ते सेडानइतकंच अवघड, उतरताना तर जास्तच. तेव्हा ‘एसयूव्ही’ असा एकच डबा करू नका.

आसनस्थ

वेलांटीताई, मी सीटच्या डिझाइनमध्ये सोळा वर्षं काढली आहेत, म्हणून थोडं लांबवतो. कंटाळा आला तर सरळ खाली उतरा.

गाडीच्या आतली मापं एका बिंदूपासून सुरू होतात. त्याला एच-पॉइंट म्हणतात. एच म्हणजे हिप, बसलेल्या माणसाच्या खुब्याचा सांधा. तो ठरवायला माणूस बसवत नाहीत, माणसाच्या वजनाचा एक सांगाडा सीटवर बसवतात, म्हणजे फोम जेवढा दबायचा तेवढा दबतो. लेगरूम म्हणजे घोट्यापासून या बिंदूपर्यंतचं सरळ अंतर, त्यात २५४ मिलिमीटर मिळवलेले. हेडरूम म्हणजे याच बिंदूपासून, उभ्या रेषेच्या ८ अंश मागे झुकलेल्या रेषेवर छताच्या अस्तरापर्यंतचं अंतर, अधिक १०२ मिलिमीटर. हे सगळं एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या जे११०० या मानकात आहे.

आता यातली मेख बघा. लेगरूमचा आकडा तुमचा गुडघा आणि पुढच्या सीटची पाठ यांच्यात किती बोटं राहतात ते सांगतच नाही. पाय किती लांब पसरलाय तेवढंच तो सांगतो. सेडानमध्ये खुबा टाचेपासून साधारण २५ सेंटिमीटर वर असतो, त्यामुळे पाय पुढे पसरावे लागतात आणि आकडा फुगतो. एसयूव्हीत हीच उंची ३० ते ३५ असते. पाय खुर्चीत बसल्यासारखे खाली सोडता येतात, गुडघा जास्त वाकतो, घोटा खुब्याच्या जवळ येतो आणि आकडा घटतो. त्याच माणसाला आडवी जागा कमी लागते, म्हणून गुडघ्यापुढे मोकळं वाटतं. तुमचा आकडाही खरा आणि वाटणंही खरं. दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत.

गचके

म्हणजे मी विनोद केला होता तेच तुम्ही आकडे घालून सांगितलंत.

पाऊण_इंच

आसनस्थ यांना अनुमोदन, पण एक मोठी गोष्ट राहिली. मागचा लेगरूम मोजताना पुढची सीट एका ठरावीक जागी ठेवलेली असते. सहा फूट एक इंचाचा माणूस ती तिथे ठेवत नाही, पार मागे ढकलतो. छापील लेगरूम त्याच दिवशी संपला.

म्हणून मी गाडी बघायला जाताना मोजपट्टी नेतो. (हसा. शोरूममधलेही हसतात.) आधी ड्रायव्हरची सीट माझ्या मापाने लावायची, मग उतरून तिच्याच मागे बसायचं. चार गोष्टी बघायच्या. गुडघ्यापुढे किती बोटं राहतात, पावलं पुढच्या सीटखाली जातात का, मांडी पूर्ण टेकते की गुडघ्याजवळ अधांतरी राहते, आणि डोकं ताठ ठेवल्यावर छत व केस यांच्यात काय उरतं. पावलं सीटखाली जाणं गुडघ्याच्या जागेइतकंच महत्त्वाचं आहे. काही गाड्यांत पुढची सीट खाली केली की तिच्याखाली बुटाचं टोकही शिरत नाही, आणि मग लेगरूम कितीही असो, पाय अवघडतातच.

डिकीभर

पाऊण_इंच, केसांचं माप मला लागू नाही.

जुनाट

हा वाद नवा नाही, सत्तर वर्षं जुना आहे. क्रायस्लर कंपनीचे अध्यक्ष के. टी. केलर यांचा आग्रह असे की टोपी घालून गाडीत बसता आलं पाहिजे. त्यामुळे त्यांच्या १९४९ च्या गाड्या उंच, सरळ आणि आत ऐसपैस होत्या. लोकांना मात्र त्या खोक्यासारख्या दिसल्या. शेवटी १९५५ साली कंपनीने व्हर्जिल एक्स्नर यांच्या हातून लांब, ठेंगण्या, ऐटबाज गाड्या काढल्या आणि त्या खपल्या. टोप्या गेल्या, छत खाली आलं, आपण पाय पसरून बसायला शिकलो. आता पुन्हा उंच खोकी आली आहेत आणि त्यांना ऐटबाज म्हणायचं ठरलं आहे.

जागेचीच गोष्ट काढली तर अ‍ॅलेक इसिगोनिस यांची १९५९ ची मिनी आठवा. लांबी जेमतेम ३ मीटर, इंजिन आडवं ठेवलेलं, चाकं १० इंची. त्यामुळे जमिनीच्या मापातला सुमारे ८० टक्के भाग माणसं आणि सामान यांना मिळाला. आजच्या कित्येक अजस्र एसयूव्हींना हे प्रमाण साधत नाही. बाहेरचा आकार आणि आतली जागा यांचं लग्न लागलेलंच असतं असं नाही.

फिरकी

जुनाट, मग वेलांटीताईंनी मिनी घ्यायची का? नवऱ्याला दोरीने मागे बांधून?

पाऊण_इंच

आकाराबद्दल जुनाट यांच्या म्हणण्यात भर. अमेरिकेची ईपीए (सरकारी पर्यावरण संस्था) सेडानचे वर्ग आतल्या घनफळावरून पाडते. माणसांची जागा आणि डिकी मिळून ११० घनफुटांपासून १२० च्या आत असेल तर मिडसाइझ, १२० किंवा वर असेल तर लार्ज. एसयूव्हीचे वर्ग मात्र भारासकटच्या वजनावरून. म्हणजे सेडान मोठी म्हटली तर ती आतून मोठी असते, एसयूव्ही मोठी म्हटली तर ती फक्त जड असू शकते.

मळमळे

माझ्या नावावरून विषय कळला असेलच.

लहानपणापासून मला गाडी लागते. उंच गाडीत जास्त लागते, आणि हे मनाचे खेळ नाहीत. वळणावर गाडी कलते तेव्हा ती जमिनीजवळच्या एका अक्षाभोवती फिरते. त्या अक्षापासून डोकं जितकं उंच, तितकं ते जास्त आडवं हेलकावतं. घाटात दर वळणाला डोकं आधी एकीकडे, मग दुसरीकडे. सेडानमध्ये तेच डोकं खाली असतं, झोका लहान पडतो. शिवाय मळमळ वाढवणारी हालचाल असते ती संथ, सेकंदाला ०.२ वेळा म्हणजे पाच सेकंदांत एक झोका अशी. नावेसारखी डुलणारी मऊ गाडी माझ्यासारख्यांचा जीव घेते.

कडक सस्पेंशनचे खडखडाट मला चालतात. त्याने पाठ दुखते, पण पोटातलं पोटातच राहतं.

सांधेवाली

मळमळे, पोटाचं पटलं, पण पाठीलाही जपा. बसलेल्या माणसाचं शरीर उभ्या दिशेने ४ ते ८ हर्ट्झच्या (सेकंदाला ४ ते ८ वेळा होणाऱ्या) कंपनांना सगळ्यात जास्त प्रतिसाद देतं, आणि कडक सीटवर खराब रस्त्याचे गचके साधारण तिथेच येतात. चार तासांनी ‘अंग आंबलं’ म्हणतो त्यातला बराच भाग हा.

गचके

मला कुणी बोलावलं का?

तिसरी_रांग

एसयूव्हीवाले एक कबूल करत नाहीत, ते मी करतो. सात सीटची गाडी घेतली. तिसऱ्या रांगेत बूड जवळजवळ जमिनीला टेकतं, गुडघे छातीशी येतात, आणि मान वळवली की मागची काच डोळ्यांच्या वीतभर अंतरावर. धाकटा पुतण्या सोडला तर तिथे स्वखुशीने कुणी बसत नाही. आणि तिसरी रांग उघडली की डिकी संपते. सात माणसं किंवा सात माणसांचं सामान, दोन्ही एकदम नाही.

वेलांटीताई, पाचच जण असाल तर तिसऱ्या रांगेच्या मोहात पडू नका. त्या सीट घुसवण्यासाठी मधली रांग पुढे सरकलेली असते किंवा तिची बैठक आखूड केलेली असते.

डिकीभर

माझ्या विषयावर आल्याबद्दल आभार.

डिकीचे लिटर मोजतात ते २०० × १०० × ५० मिलिमीटरचे ठोकळे भरून, एक ठोकळा म्हणजे एक लिटर. मग बघायचं एवढंच की ठोकळे कुठपर्यंत रचले. सेडानची डिकी बंद पेटी, त्यामुळे तिथे लबाडीला वाव कमी. एसयूव्हीत कुणी खिडकीच्या खालच्या कडेपर्यंत मोजतं, कुणी थेट छतापर्यंत. छतापर्यंत भरलेलं सामान ब्रेक मारल्यावर कुठे येईल याचा विचार ठोकळे करत नाहीत.

उलट बाजूही सांगतो. सेडानची डिकी खोल आणि लांब असते, पण तोंड अरुंद. स्ट्रोलर घडी करून आत गेला तरी बिजागरीचे दांडे बॅगांवर येऊन बसतात. दोन वर्षांची मुलगी आहे म्हणजे स्ट्रोलर आहेच.

पहारेकरी (संपादक)

धाग्याचा विषय आतली जागा आणि सीट हा आहे. डिकी चालेल. ‘कोणाची गाडी किती सुरक्षित’ यावरचे तीन प्रतिसाद उडवले आहेत, त्यासाठी वेगळा धागा काढावा.

ठेंगणी

माझी उंची सासूबाईंएवढीच, म्हणून इथल्या एसयूव्हीप्रेमावर थोडं पाणी ओतते.

खुर्चीसारखी बैठक म्हणता ना, ती कुणाच्या खुर्चीसारखी? माझे पाय लोंबकळतात! टाचा फरशीला पोचत नाहीत, मग सगळा भार मांडीखाली सीटच्या कडेवर येतो. तासाभरात मुंग्या येतात, चार तासांत पावलं सुजतात. पाय टेकवायला पुढे सरकले की पाठ मोकळी पडते आणि कंबर वाकते. दोन्हीकडून तोटा. सेडानची बैठक खाली असते म्हणून तिथे माझे पाय टेकतात. आत बसताना त्रास होतो हे मान्य, पण तो दोन मिनिटांचा. लोंबकळणं चार तासांचं.

इथे ‘मांडीला आधार हवा, बैठक लांब हवी’ असं सगळे उंच लोक सांगतात. आमच्यासारख्यांना लांब बैठक म्हणजे गुडघ्यामागे रुतणारी कड.

आसनस्थ

ठेंगणी, तुमचं शंभर टक्के बरोबर, आणि हे मी आधीच सांगायला हवं होतं. नियम असा की पाठ पूर्ण टेकवून बसल्यावर बैठकीची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांच्यात दोन ते चार बोटं राहावीत, आणि पावलं सपाट टेकावीत. एकाच बैठकीत सहा फुटांचा आणि पावणेपाच फुटांचा माणूस, दोघांनाही हे जमत नाही. पुढच्या सीटला उंची कमी-जास्त करायची सोय असते, काहींत बैठकीचं टोक लांबवताही येतं. मागच्या सीटला यातलं सहसा काही नसतं. तिथे आम्ही मधल्या मापाचा एक माणूस कल्पून सीट करतो आणि बाकीचे निभावून नेतात.

आणखी एक. शोरूममध्ये पहिल्या पाच मिनिटांत जी सीट गादीसारखी मऊ वाटते तिच्यापासून सावध. मऊ फोम दबून जातो, बसण्याच्या दोन हाडांवर सगळं वजन येतं आणि माणूस हळूहळू वाकडा होत जातो. लांबच्या प्रवासाला थोडी टणक, कडांना उभार असलेली सीट बरी.

फिरस्ती

टणक बरी हे मला मुळीच मान्य नाही. आमच्याकडे ‘टणक, पाठीला चांगली’ म्हणवणारी सीट आहे. तीन वर्षं झाली, पाठीला अजून कळलेलं नाही की ती चांगली आहे.

आसनस्थ

:) टणक आणि कठीण यांत फरक आहे. आणि चुकीच्या जागी आलेला कमरेचा उभार मऊ असो वा टणक, छळतोच. तो पँटच्या पट्ट्याच्या रेषेत यायला हवा, बरगड्यांखाली नाही.

दोन_जुळी

चाइल्ड सीटबद्दल कुणीच नीट बोललं नाही. दोन सीट तीन वर्षं वापरल्या, त्या अनुभवावर लिहिते.

मागे तोंड करून बसवलेली सीट लांबीने खूप जागा खाते. तिच्यापुढच्या सीटवरच्या माणसाला पुढे सरकावंच लागतं. तुमच्या नवऱ्यामागे ती लावलीत तर त्याचे गुडघे स्टिअरिंगला लागतील. आणि ती लवकर पुढे फिरवण्याची घाई करू नका. चाइल्ड सीटच्या आर१२९ या आंतरराष्ट्रीय नियमात १५ महिने ही किमान मर्यादा आहे, सीटच्या वजन-उंचीच्या मापात मूल बसतंय तोवर मागे तोंड असलेलंच चांगलं.

आयसोफिक्सच्या, म्हणजे चाइल्ड सीट थेट गाडीला अडकवायच्या कड्या बहुतेक गाड्यांत मागच्या दोन टोकांच्या सीटनाच असतात, मध्ये नसतात. कड्या सीटच्या भेगेत किती खोल आहेत ते हाताने चाचपून बघा, काहींत नखं तुटतात.

आणि सेडानमध्ये रोज दोनदा कमरेत वाकून, डोकं छताला आपटून, बारा किलोचं झोपलेलं मूल आत ठेवायचं. माझ्या कंबरेने सेडानविरुद्ध मत कधीच दिलंय.

विजेरी

इलेक्ट्रिक घेणार असाल तर इथला बराच हिशेब पुन्हा मांडा. बॅटरी फरशीखाली असते, फरशी वर येते, पण छत तेवढं वर नेता येत नाही. मग मागच्या सीटवर टाच आणि खुबा यांतली उंची कमी होते. फरशी सपाट, गुडघ्यापुढे मैदान, पण मांड्या हवेत! मी लेगरूम बघून भुललो आणि दोन तासांनी बुडाने तक्रार केली. पोर्शने टायकानमध्ये मागच्या लोकांच्या पावलांसाठी बॅटरीतच खोलगट जागा सोडली आहे. तिला ते पायांचं गॅरेज म्हणतात. सगळ्यांना हे सुचत नाही.

फिरकी

पायांचं गॅरेज! घरच्या गाडीला गॅरेज नाही आणि यांच्या पायांना आहे.

मधली सीट

पुन्हा विचारतो. मध्ये कोण बसणार?

गचके

हा माणूस दर गाडीच्या धाग्यावर हेच विचारतो. यामागे काहीतरी दुःख आहे.

मधली सीट

तीन भावंडांत धाकटा. अठरा वर्षं मधल्या सीटवर काढली. विचारणारच.

ऐका. मधली जागा म्हणजे सीट नव्हे, दोन सीटमधली उरलेली पट्टी. बैठक उंच आणि टणक, कारण दोन्हीकडचे खड्डे उतरत आले की मध्ये टेकाड उरतं. पाठीमागे दुमडलेला आर्मरेस्ट, त्याचा कडकपणा बरोबर मणक्यावर. पायांखाली बोगदा. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या सेडानमध्ये मागच्या चाकांकडे ताकद नेणारा शाफ्ट नसतो, तरी एक्झॉस्टसाठी आणि मजबुतीसाठी फुगवटा ठेवलेलाच असतो. मग एक पाय इकडे, एक तिकडे, दोन्ही शेजाऱ्यांच्या हद्दीत. पुढच्या दोघांच्या मधल्या खोक्याचं टोक गुडघ्यात. छताचा दिवा डोक्यावर.

एसयूव्ही रुंद असतात असं म्हणतात. खांद्यापाशी थोड्या असतीलही, पण दार जाड, कड जाड. दोन टोकांच्या बकलांमधलं अंतर मोजा. मधल्या माणसाचं राज्य तेवढंच.

पाऊण_इंच

हे माप मी कधी घेतलं नव्हतं. यादीत घातलं.

मळमळे

मधल्या सीटला एक गोष्ट मात्र चांगली, समोरचा रस्ता सरळ दिसतो. मला गाडी लागते तेव्हा मी तीच मागून घेतो.

मधली सीट

मळमळे, पुढच्या वेळी मला कळवा. जागा सोडतो.

आडवा_तिडवा

आमच्या एसयूव्हीत मागच्या सीटची पाठ झुकवता येते, हे कुणी लिहिलं नाही. सेडानमध्ये ती सहसा एकाच कोनात पक्की असते. लांबच्या प्रवासात मी पार मागे झुकवून झोपतो. याच्यापुढे बाकी सगळं फोल.

सांधेवाली

थोडं झुकवा, पार नको. फार झुकलं की कमरेचा पट्टा खुब्याच्या हाडावरून पोटावर सरकतो आणि धडकेत माणूस पट्ट्याखालून घसरतो. पहारेकरी, हे सीटवर बसण्याबद्दलच आहे, उडवू नका.

आसनस्थ

तेवढ्याच सवलतीत माझंही एक. पट्टा आवळणारा प्रीटेन्शनर आणि छातीवरचा ताण मर्यादेत ठेवणारा लोड लिमिटर पुढच्या सीटना असतात, मागे नेहमी असतीलच असं नाही. अमेरिकेतल्या आयआयएचएस या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने २०२२ पासून समोरच्या धडकेच्या एका चाचणीत ड्रायव्हरच्या मागेही बाहुला बसवायला सुरुवात केली, तेव्हा पुढे उत्तम ठरलेल्या कित्येक गाड्या मागे कच्च्या निघाल्या. मागे घरची माणसं बसणार असतील तर मागच्या सीटला हे दोन्ही आहेत का ते विचारा.

पहारेकरी (संपादक)

बरं, राहू द्या.

वेलांटी (धागालेखिका)

मंडळी, सगळे प्रतिसाद दोनदा वाचले, आणि रविवारी अख्खं कुटुंब मोजपट्टीसकट बाहेर काढलं. चार गाड्या पाहिल्या, दोन सेडान, एक मध्यम एसयूव्ही, एक पायरीवाली उंच. नावं देत नाही, नाहीतर इथे वेगळीच लढाई पेटेल.

उंच गाडी पाच मिनिटांत बाद. सासूबाई पायरीपाशी थांबल्या, वर बघितलं आणि “हिला शिडी कुठेय?” म्हणाल्या.

पहिल्या सेडानच्या मागच्या सीटवर त्या छान बसल्या. पाय टेकले, पाठ टेकली, चाचणीच्या फेरीत चक्क डुलकी काढली. मी नवऱ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. मग उतरायची वेळ आली. मुलगा एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने. नवरा काही बोलला नाही, तेच जास्त लागलं. दुसरी सेडान आणखी खाली होती, तिच्यात त्यांना बसवलंच नाही.

मध्यम एसयूव्हीत त्या सरकून बसल्या, सरकून उतरल्या, कुणाचा हात न धरता. पण मागे बसल्यावर ठेंगणी म्हणाल्या तसंच झालं, पाय अधांतरी. आणि तिथे नवऱ्याचाही नक्षा उतरला. तिच्या सनरूफवाल्या मॉडेलमध्ये सीट पार खाली करूनही त्याचे केस छताला घासत होते. सनरूफ नसलेल्या मॉडेलमध्ये तेच डोकं तीन बोटं मोकळं.

आता प्रश्न असा की सासूबाईंच्या पायांचं काय करू? पाय टेकायला छोटं स्टूल ठेवलं तर?

सांधेवाली

सुटं स्टूल नको, ब्रेक लागला की ते उडतं. त्यांना पुढे का बसवत नाही?

दोन_जुळी

हो! पुढच्या डाव्या-उजव्या, जी काही बाजूची सीट आहे तिला उंचीची सोय आहे का बघा. असली तर चढताना वर, बसल्यावर खाली. त्या ठेंगण्या, त्यांना पाय ठेवायला कमी जागा लागते, म्हणून त्यांच्यामागे मुलीची सीट आरामात मावते. त्यांची सीट डॅशबोर्डला चिकटेल इतकी पुढे मात्र घेऊ नका, एअरबॅगपासून अंतर हवं. नवऱ्यामागे मुलगा, तेरा वर्षांचे गुडघे अजून वर्षभर तरी मावतील.

जुनाट

वाहवा. सगळ्यात उंच माणसामागे आखूड पाय, सगळ्यात ठेंगण्या माणसामागे चाइल्ड सीट. गाडी न बदलता जागा वाढली.

पाऊण_इंच

मुलाच्या उंचीचा हिशेब धरा. दोन वर्षांनी तो तुमच्यापेक्षा उंच असेल.

वेलांटी (धागालेखिका)

काल पुन्हा जाऊन आलो. पुढच्या सीटला उंचीची सोय आहे. सासूबाई पुढे बसल्या, पाय टेकले, “आता रस्ता दिसतो” म्हणाल्या. मुलीची सीट त्यांच्यामागे कड्यांत बसली, नखं शाबूत. मुलगा नवऱ्यामागे बसला, कानात हेडफोन घातला, संपलं. नवऱ्याचं डोकं मोकळं. सेल्समनने हात चोळले.

मग मी उरले.

चाइल्ड सीट काढता येत नाही म्हणून मुलाला उतरवलं, त्याच्या बाजूने आत शिरले, तो परत बसला. उजवी मांडी मुलाच्या बॅगेवर, डावा खांदा चाइल्ड सीटच्या प्लॅस्टिकवर, पाठीला आर्मरेस्ट. फरशी जवळजवळ सपाट आहे, तेवढं एक. दोन टोकांच्या बकलांमधलं अंतर मोजलं, आकडा सांगत नाही, लाज वाटते.

सेडान हवी म्हणून दोन महिने भांडले, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर मी स्वतः खिडकीशी बसलेली होते. हे मला काल कळलं. फेरी वीस मिनिटांची होती, आम्ही ती मुद्दाम तासभर केली. गाडी बहुधा हीच घेऊ, कारण त्या सेडानच्या मध्ये बोगदा होता, तो मी परत जाऊन बघून आले.

फिरकी

ताई, तुम्ही गाडी चालवायला शिका ना!

वेलांटी (धागालेखिका)

येते मला. आता परतीचा प्रवास मी चालवणार आणि नवरा मध्ये, असं ठरलंय. सहा फूट एक इंच. त्याने अजून मधल्या जागेचं हेडरूम मोजलेलं नाही.

जाताना मात्र मीच. मधली सीट, तुम्हाला पहिल्याच दिवशी उत्तर द्यायला हवं होतं.

मधली सीट

स्वागत. बकल शोधू नका, ते तुमच्याच खाली असतं.